विलाया स्मारा, दायरा हौझा: सहारावी छावण्यांतले सहा दिवस

पहिला दिवस : टिंडूफ, राबूनी

अल्जेरियाच्या नैऋत्य टोकाला टिंडूफजवळ पश्चिम सहारातून विस्थापित झालेल्या सहारावी लोकांच्या निर्वासित छावण्या आहेत. अल्जिअर्सहून टिंडूफला जाणारं विमान बहुतेकदा रात्री उशिराच उतरतं. विमानतळ लहान आहे आणि लष्कराचा वावर मोठा. इथे मोबाइल काढून फोटो घ्यायला गेलं की माणूस हमखास बाजूला घेतला जातो आणि पुढचा तासभर जातो. सामानाच्या पट्ट्यावर बॅगांपेक्षा खोकी जास्त दिसतात: औषधं, दोरीने बांधलेली ब्लँकेटं, कुणाच्या तरी पोरासाठी स्पेनहून आणलेली सायकल.

बाहेर पडल्यावर टॅक्सी वगैरे नसते. परदेशी माणूस ताफ्यातूनच जातो. पुढे अल्जेरियन सुरक्षा दलाची गाडी, मागे आपली. छावण्यांच्या हद्दीवर ती गाडी वळते आणि सहारावी पोलिस ताबा घेतात. ऑक्टोबर २०११ मध्ये राबूनीतून तीन युरोपीय मदत कर्मचाऱ्यांना पळवून नेलं होतं, ते जुलै २०१२ मध्ये सुटले. तेव्हापासून रात्री परदेशी पाहुण्याने फिरायचं नाही, हा नियम पक्का आहे आणि त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

राबूनी म्हणजे छावण्यांची राजधानी म्हणा हवं तर. मंत्रालयं, गोदामं, रुग्णालय आणि पाहुण्यांची उतरायची जागा; तिला सगळे स्पॅनिशमध्ये ‘प्रोतोकोलो’ म्हणतात. जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. सहारा म्हणजे उकाडा असं समजून फक्त सुती कपडे आणलेला एक तरी गडी प्रत्येक गटात असतो; त्याची ती पहिली रात्र दात वाजवण्यात जाते.

आमच्या गटाला घेऊन आलेले गृहस्थ याच छावण्यांत वाढले. १९७५ च्या नोव्हेंबरात स्पेनने पश्चिम सहारा ही आपली वसाहत मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या हाती सोपवली, सैन्यं आत आली, आणि त्या हिवाळ्यात हजारो कुटुंबं लँडरोव्हर, ट्रक, उंट, मिळेल त्याने पूर्वेकडे निघाली. हे तेव्हा आईच्या पाठीवर होते. शाळा अल्जेरियात, पुढचं शिक्षण क्यूबात, आणि आता नोकरी स्पेनमध्ये. क्यूबात शिकून आलेल्यांना इथे गमतीने ‘कुबारावी’ म्हणतात, तेच नाव या लेखात वापरतो. त्यांचं खरं नाव देत नाही. दोन भाऊ मोरोक्कोने पश्चिम सहारात बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे, म्हणजे मोरोक्कोच्या ताब्यातल्या भागात राहतात, एवढं कारण पुरे आहे. नोकरीतली सुट्टी ते दरवर्षी एकाच कामाला लावतात: विस्थापित कुटुंबं परत जायची वेळ आली, तर कोण, कुठे, कोणत्या कागदावर जाणार याच्या नोंदी करायच्या, आणि त्या घेऊन युरोपातल्या खासदारांची, वकिलांची, संस्थांची दारं ठोठवायची.

जाणाऱ्यांसाठी : अल्जेरियाचा व्हिसा दिल्लीतल्या दूतावासातून घ्यावा लागतो आणि त्यासाठी सहारावी बाजूचं निमंत्रण आधी हातात हवं. ही प्रक्रिया दोन महिने आधी सुरू करावी. छावण्यांत एटीएम नाही. युरो न्यावेत, तेही लहान नोटांमध्ये, आणि दिनार अल्जेरियातच घ्यावेत. उपग्रह फोन आणि ड्रोन घरीच ठेवावेत.

दुसरा दिवस : स्मारा

सकाळी उजेड झाल्यावर पहिल्यांदा जमीन दिसली. टेकाडं, सोनेरी वाळू असलं काही नाही. हा हमादा आहे, म्हणजे सपाट, करडा, दगडगोट्यांचा माळ, आणि त्यावर क्षितिजापर्यंत मातीची बुटकी घरं, जस्ताचे पत्रे, मध्येच एखादा तंबू. पत्र्यांवर दगड ठेवलेले. कोकणात नळ्यांवर ठेवतात तसेच, फक्त इथे पावसाची नाही, वाऱ्याची भीती.

छावण्या पाच: एल-आयून, औसर्द, स्मारा, दाखला आणि बुजदूर. ही पाचही नावं मूळ पश्चिम सहारातल्या गावांची आहेत. छावणीला ‘विलाया’ म्हणजे प्रांत म्हणतात, त्याखाली ‘दायरा’, त्याखाली वस्ती. स्मारात सात दायरे आहेत: हौझा, फार्सिया, महबेस, तिफारिती, बीर लहलू, जदीरिया, महैरीस. हीही सगळी तिकडचीच ठिकाणं. त्यामुळे इथल्या बारा वर्षांच्या मुलीला घर कुठे विचारलं तर ती ‘स्मारा, हौझा’ असं सांगते, आणि तिच्या आजीला मूळ गाव विचारलं तर तीही ‘स्मारा, हौझा’च सांगते. मधलं अंतर चारेकशे किलोमीटरचं आणि पन्नास वर्षांचं आहे. ‘एल-आयून’चा अर्थ झरे, छावणीतल्या एल-आयूनमध्ये पाणी टँकरने येतं.

मुक्काम हौझा दायऱ्यातल्या एका कुटुंबात. इथे हॉटेल ही कल्पनाच नाही, पाहुणा घरातच उतरतो. घर म्हणजे कच्च्या विटांच्या तीन सुट्या खोल्या, मध्ये अंगण आणि बाजूला खैमा, म्हणजे तंबू. पक्कं घर बांधता येत असूनही लोक खैमा काढत नाहीत. कुबारावी म्हणाले, “सिमेंटचं घर बांधलं की इथेच राहायचं ठरलं, असं जुने लोक म्हणायचे.” आता काही घरांना सिमेंट दिसतं, दुकानांना तर दिसतंच. तरी खैमा उभाच असतो.

यजमानीणबाई साठीच्या. अंगावर मेल्हफा, चार-साडेचार मीटरचं एकच पातळ, गुंडाळून डोक्यावरून घेतलेलं. नऊवारी नेसणारी बाई ते दोन मिनिटांत शिकेल. आल्या आल्या नमस्कारचमत्कारच दोन-तीन मिनिटं चालतात: “याक लाबास? याक अल-खैर?” म्हणजे सगळं ठीक ना, बरं आहे ना, घरचे, शेळ्या, रस्ता, थंडी. उत्तराची वाट न बघता दोघेही एकदमच विचारत राहतात. मध्येच आपण मूळ मुद्द्यावर यायची घाई करू नये.

मग चहा. चहासाठी तीन ‘जीम’ लागतात असं इथे म्हणतात. जीम म्हणजे अरबी ‘ज’: जमर, जर्र, जमाअ. निखारे, सवड आणि माणसं. कृती साधी वाटते, पण तशी नाही. निखाऱ्याच्या शेगडीवर एनॅमलची छोटी किटली. तिच्यात चिनी हिरव्या चहाच्या गोळीदार पानांची मूठ. उकळतं पाणी घालून पानं विसळायची, मग नवं पाणी, मग भरपूर साखर. खरी कसरत पुढे: एका पेल्यातला चहा उंचावरून दुसऱ्यात, त्यातला तिसऱ्यात, असं दहा-पंधरा मिनिटं, पेल्यात निम्म्यापर्यंत फेस बसेपर्यंत. फेस नसलेला चहा पाहुण्याला देणं म्हणजे बाईच्या हाताला बट्टा. तेवढ्यासाठी बाईंनी शेगडीची जागा दोनदा बदलली. वाऱ्याने निखारे भडकले की चहा करपट होतो. फेऱ्या तीन आणि वेळ दीड तास. पहिली कडू, तिसरी गोड. पहिल्या पेल्यानंतर उठून जाऊ नये. बाहेर गाडीवाला थांबलाय ही सबब चालत नाही, कारण गाडीवालाही आत येऊन बसलेला असतो.

दुपारी भात आणि उंटाचं मटण. आदल्या दिवशी घरात उंटाची कलेजी आली होती, ती उंटाच्या वशिंडाच्या चरबीसोबत तव्यावर परतलेली. चव आपल्या कलेजीसारखीच, चरबी मात्र लोण्यासारखी वितळते. हे रोजचं जेवण नव्हे. रोजचं जेवण मदतीवर येतं: पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर. जागतिक अन्न कार्यक्रम दरमहा १,३३,६७२ लोकांचं रेशन धरतो. निर्वासितांची एकूण संख्या २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार १,७३,६०० आहे. पैसा कमी पडला की रेशन कापलं जातं. वाटप बायकाच करतात. १९७५ ते १९९१ युद्ध चाललं, पुरुष आघाडीवर होते, आणि दायरे, शाळा, दवाखाने बायकांनी उभे केले. ती घडी अजून मोडलेली नाही.

रेशनमधल्या पिठाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा सीलिअॅक नावाचा आजार सहारावींत जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ५.६ टक्के मुलांत तो सापडला. आणि मदत येते ती गव्हाची. त्यामुळे भेट न्यायचीच असेल तर चॉकलेटऐवजी तांदळाचं पीठ न्यावं. आपल्याकडचं भाकरीचं पीठ इथे सोन्यासारखं आहे.

जाणाऱ्यांसाठी : अंघोळीला दोन-तीन लिटर, तेही गरम करून. घराबाहेर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची टाकी असते, टँकर रोज येत नाही आणि टाकी आटली की शेजारून मागावं लागतं. प्यायला बाटलीचं पाणी दुकानात मिळतं. इथल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात आयोडीन गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. कमी आयोडीनने गलगंड होतो हे आपण शाळेत शिकलो, इथे जास्त झाल्याने गळे सुजलेले दिसतात.

तिसरा दिवस : पत्र्याच्या पेटीतले कागद

हा दिवस पूर्णपणे कुबारावींच्या कामाचा. सकाळी नऊपासून ते हौझातल्या घरांत एकेक करून बसत होते. पद्धत बघण्यासारखी आहे.

आधी चहा. मग घरातली सर्वांत म्हातारी बाई बोलावायची. पुरुष मागाहून, कारण पुरुष युद्धाच्या तारखा सांगतात आणि बायका माणसं सांगतात. एका कुटुंबाला एक पान. वर १९७४ मध्ये हयात असलेल्या मूळ पुरुषाचं किंवा बाईचं नाव, आधी अरबीत, त्याखाली स्पॅनिश कागदावर जसं लिहिलंय तसं, चुकांसकट. मग टोळीची उपशाखा. मग शेवटचं ठिकाण: शहरात राहणारे असतील तर मोहल्ला, भटके असतील तर विहिरीचं नाव. मग आज कोण कुठे: छावणी, भिंतीपलीकडे, मॉरिटानिया, स्पेन. शेवटी कागदाचा क्रमांक, फोटो आणि घराबाहेरचे दोन साक्षीदार.

१९७४ का? त्या वर्षी स्पेनने जनगणना केली आणि सुमारे ७४ हजार सहारावी मोजले. एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ६९० क्रमांकाच्या ठरावाने मिनुर्सो ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम स्थापन झाली, ६ सप्टेंबरला युद्धबंदी झाली, आणि सार्वमत घ्यायचं ठरलं. मतदार कोण, तर त्या जनगणनेतले आणि त्यांचे नातलग. मोरोक्कोने निकष रुंदावण्याचा आग्रह धरला, पोलिसारिओने, म्हणजे सहारावींच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेने, अरुंद ठेवण्याचा. १९९४ ते १९९९ दरम्यान सुमारे १,९८,००० अर्जदारांच्या मुलाखती झाल्या, टोळ्यांचे शेख समोरासमोर बसवून “हा तुमचाच का?” असं विचारलं गेलं, आणि २००० च्या सुरुवातीला सुमारे ८६ हजार नावं पात्र ठरली. त्यावर लाखाहून अधिक हरकती आल्या. गाडी तिथेच अडकली, ती अडकलीच.

तेव्हापासून परतीचा प्रश्न इथे भावनेचा जितका आहे तितकाच यादीचाही आहे, आणि कागद जुळवताना अडचणी कुठे येतात ते पाहिलं की कळतं. पहिली अडचण आडनावाची. सहारावी नाव म्हणजे अमुकचा मुलगा तमुक. स्पॅनिश कारकुनाला दोन आडनावं हवी होती, म्हणून त्याने एका भावाला आजोबांचं नाव लावलं, दुसऱ्याला शाखेचं. कागदावर ते भाऊ राहिले नाहीत. दुसरी अडचण वर्षाची. म्हातारी माणसं साल आकड्यात सांगत नाहीत. मोठ्या पावसाचं वर्ष, देवीच्या साथीचं वर्ष असं सांगतात. आपल्याकडे ‘पानशेतच्या साली’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात’ म्हणतात तसंच. कुबारावींनी त्याचा तक्ताच केलाय: डावीकडे वर्षाचं नाव, उजवीकडे इसवी सन. पण उत्तरेकडच्या टोळीचं पावसाचं वर्ष आणि दक्षिणेकडच्या टोळीचं एकच असेल असं नाही. म्हणून तक्त्यात तिसरा रकाना प्रदेशाचा.

तिसऱ्या घरात पत्र्याची पेटी उघडली गेली. बिस्किटांचा जुना डबा तो, झाकण दोरीने बांधलेलं. आत कापडात गुंडाळलेलं स्पॅनिश ओळखपत्र, बाईंच्या नवऱ्याचं. फोटोचा चेहरा पिवळा पडलेला, पण अंगठ्याचा ठसा शाबूत. घडीच्या जागी कागद विरून एक अक्षर गेलेलं, आणि नेमकं त्याच अक्षरावर नाव एका शाखेचं की दुसऱ्या हे ठरणार होतं. लॅमिनेशन करून घ्या, असं कुणीतरी सुचवलं. कुबारावींनी हात आडवा केला. विरलेला कागद गरम लॅमिनेशनमध्ये घातला तर शाई पसरते आणि नंतर तपासणाऱ्याला तो मूळ कागद आहे की नक्कल हे सांगता येत नाही. त्यांनी तो आम्लरहित पाकिटात सरकवला, दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात घेतले आणि मूळ परत पेटीत ठेवला. मूळ कागद ते कधीच सोबत नेत नाहीत.

दुपारी एका वयस्क माणसाने गटात भारतीय आहे कळल्यावर हिशेब मांडला: “दिल्लीने १९८५ मध्ये आमच्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली, २००० मध्ये काढून घेतली. पंधरा वर्षं तुम्ही आमचे भाऊ होतात.” आवाजात राग नव्हता, आकडे मात्र बिनचूक होते. पुढे त्यांनी फॉस्फेटचा विषय काढला. बू क्राची खाण पश्चिम सहारात, तिथून समुद्रापर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा वाहक पट्टा. मोरोक्को भारताला फॉस्फेट पुरवणारा मोठा देश आहे आणि पारादीपच्या खत कारखान्यात तिथल्या सरकारी कंपनीची भागीदारी आहे. डीएपीची गोणी उचलताना विदर्भातल्या शेतकऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. इथल्या म्हाताऱ्याला ते ठाऊक आहे.

चौथा दिवस : दाखला

दाखला बाकीच्या चार छावण्यांपासून दूर, आग्नेयेला दीडशेहून अधिक किलोमीटर. पहाटे निघणं चांगलं. वाटेत वाळूचा लोट आला आणि अर्धा तास गाडी उभी करावी लागली. अशा वेळी गाडीची पाठ वाऱ्याकडे करून उभं राहतात, म्हणजे इंजिनच्या हवेच्या गाळणीत वाळू भरत नाही. चेहऱ्यावर सुती फडकं आणि डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा, हे दोन नसतील तर बाकीचं सामान फुकट. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी त्या काढून ठेवाव्यात.

दाखल्यात पाणी जमिनीत फार खोल नाही आणि गोडही आहे, त्यामुळे खजुराची झाडं, वाफे, थोडी हिरवाई. मूळ दाखला समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीवरचं मासेमारीचं बंदर. इथल्या दाखल्यात मासा येतो तो डब्यातून. युरोपीय न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघ आणि मोरोक्को यांच्यातला मासेमारी करार सहारावी जनतेच्या संमतीविना केला म्हणून अवैध ठरवला. दायऱ्याच्या कचेरीत बसलेल्या मुलाला ती तारीख पाठ होती. समुद्र त्याने स्पेनमध्येच पाहिला होता, उन्हाळी सुट्टीत. ‘शांततेच्या सुट्ट्या’ या नावाने दरवर्षी हजारो मुलं दोन महिने स्पॅनिश कुटुंबांत राहायला जातात.

ऊम द्रेगा नावाचा दायरा इथेच आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये पळणाऱ्या लोकांच्या ऊम द्रेगा इथल्या तळावर मोरोक्कोच्या विमानांनी बॉम्ब टाकले, त्याची आठवण सांगणाऱ्या दोन बायका भेटल्या. दोघींनी सांगितलेलं एकमेकींशी जुळत नव्हतं. कुबारावींनी दोन्ही जसंच्या तसं लिहून घेतलं आणि जुळवायचा प्रयत्न केला नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये इथे सलग काही दिवस पाऊस पडला. वाळवंटात पाऊस म्हणजे आनंद, असं आपल्याला वाटतं. इथल्या विटा जागेवरच्याच खारट मातीच्या, उन्हात वाळवलेल्या, चुना-सिमेंट काही नाही. अशी भिंत वरून भिजून पडत नाही, खालून पडते: पाया पाणी ओढतो, मीठ विरघळतं, तळाची वीट गाळ होते आणि वरची उभी भिंत एकसंध बसते. म्हणून घराबाहेर पळालेल्यांना सामान काढायला परत आत जाणं धोक्याचं होतं. त्यानंतर तातेह लेहबीब या तरुण सहारावी अभियंत्याने वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची गोल घरं बांधली. गोल का, तर वारा अडत नाही आणि कोपराच नसल्याने तडा जाण्याची जागा कमी. बाटल्या गच्च भरल्या नाहीत तर दबतात, एवढंच जपायचं. काही बांधून झाली, पण बाकी छावणी अजून मातीचीच आहे, कारण एका घराला हजारो बाटल्या लागतात आणि त्या भरायला माणसं.

पाचवा दिवस : राबूनीचं संग्रहालय, भिंत आणि शेळ्या

२०२० पर्यंत पाहुण्यांना पश्चिम सहारातल्या मूळ तिफारितीकडे नेऊन ती भिंत लांबून दाखवत. १३ नोव्हेंबर २०२० रोजी मॉरिटानियाच्या सीमेजवळच्या गेरगरात नाक्यावर मोरोक्कोचं सैन्य उतरल्यावर युद्धबंदी मोडली, आणि आता भिंतीच्या पूर्वेचा पट्टा ड्रोनच्या टप्प्यात असल्याने तिकडे जाणं बंद आहे. कुणी नेतो म्हणालं तरी जाऊ नये.

त्याऐवजी राबूनीतलं युद्ध संग्रहालय. भिंतीचा नमुना तिथे आहे: वाळू-दगडाचा बांध, मागे खंदक, तारा, रडार आणि पुढे सुरुंगांचा पट्टा. मोरोक्कोने ती १९८० ते १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने बांधली, लांबी सुमारे २,७०० किलोमीटर. परतीच्या गप्पांत सुरुंगांचा मुद्दा सगळ्यांत शेवटी येतो, खरं तर तो पहिला हवा. पावसाने ओढ्याला पूर आला की सुरुंग जागेवरून वाहून जातात, त्यामुळे जुना नकाशा असला तरी भरवशाचा राहत नाही. आणि भटक्यांच्या विहिरी ओढ्यांच्याच काठी असतात. कुबारावींच्या पानांवर विहिरीचं नाव लिहून घेण्यामागे हेही आहे: सुरुंग काढायचा क्रम विहिरींवरून लागावा.

‘परत’ या शब्दाला इथे दोन अर्थ आहेत आणि तंबूत दुसऱ्या अर्थाविषयी आवाज खाली येतो. मोरोक्कोचा राजा हसन दुसरा याने ‘मातृभूमी क्षमाशील आहे’ असं म्हणत परत या अशी हाक दिली होती, आणि १९८८ पासून बरेच लोक, काही तर मोठे पदाधिकारी, तिकडे गेले. त्यांना घरं-नोकऱ्या मिळाल्या. पोलिसारिओ याला परतणं मानत नाही, फितुरी मानते. मुस्तफा सलमा उल्द सीदी मौलूद हे छावण्यांतल्या पोलिस दलातले वरिष्ठ अधिकारी. २०१० मध्ये कुटुंबभेटीसाठी स्मारा शहरात वडिलांकडे गेले, तिथे मोरोक्कोच्या स्वायत्तता प्रस्तावाला (स्वातंत्र्य नाही, मोरोक्कोच्या सत्तेखालीच स्वशासन) पाठिंबा जाहीर केला आणि छावणीत येताना पोलिसारिओने त्यांना पकडलं. पुढे त्यांना मॉरिटानियात सोडलं गेलं. बायकामुलं छावणीतच राहिली. कुबारावींना त्यांचं मत मुळीच पटत नाही. पण “बायकापोरांपासून तोडणं हे उत्तर नव्हतं,” हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, चारचौघांत. अशा माणसाची यादी दोन्हीकडचे लोक वाचतील, असं वाटतं.

त्यांची सर्वांत व्यवहार्य मागणी कुटुंबभेटींची आहे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने छावण्या आणि पलीकडची शहरं यांच्यात फुकट फोन सुरू केले आणि पाच-पाच दिवसांच्या भेटी संयुक्त राष्ट्रांच्या विमानाने. २०१४ पर्यंत सुमारे २० हजार लोक भेटून आले. मग थांबलं. याद्यांना दोन्ही बाजूंची मंजुरी लागायची, एका नावावर अडलं की अख्खं विमान अडायचं. आज छावणीतल्या एल-आयूनहून तिकडचं एल-आयून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर आहे. अल्जेरिया-मोरोक्को सीमा १९९४ पासून बंद, आणि २०२१ पासून हवाई हद्दही. म्हणून भावाला भेटायचं तर अल्जिअर्स, माद्रिद, कॅनरी बेटं आणि मग तिकडे. तेही स्पॅनिश पासपोर्ट असेल तर आणि उतरू दिलं तर.

३१ ऑक्टोबर २०२५ च्या २७९७ क्रमांकाच्या ठरावात सुरक्षा परिषदेने मोरोक्कोचा स्वायत्तता प्रस्ताव चर्चेचा आधार मानला. त्यावर प्रत्येक खैम्यात वाद चालू होता, मोबाइलवर ठरावाचा अरबी मजकूर, ओळीवर बोट. तरुण मंडळी जास्त तापलेली, म्हाताऱ्या चहा ओतत होत्या.

संध्याकाळी शेळ्या बघितल्या. इथे कचऱ्यातला कागद-प्लॅस्टिक खाऊन शेळ्या मरायच्या. तालेब ब्राहिम या सहारावी कृषितज्ज्ञाने मातीविना चारा उगवायची स्वस्त पद्धत बसवली. जवाचं बी एक दिवस भिजवायचं, ट्रेमध्ये बोटभर थर, दिवसातून दोनदा पाणी, सात दिवसांत हिरवी सतरंजी. किलोभर बियाण्याला सहा-सात किलो चारा. बिघडतं ते बुरशीने: फुटका दाणा, जाड थर किंवा कोंदट खोली. मराठवाड्यात हायड्रोपोनिक चाऱ्याचे ट्रे लावलेल्यांना ही तिन्ही कारणं ओळखीची असतील.

सहावा दिवस : निघताना

शेवटच्या दिवशी एल-आयून छावणीत दोन घरं उरली होती, ती दुपारपर्यंत झाली. जेवणाला डाळ आणि वाळूत भाजलेली रोटी. निखारे बाजूला सारून गरम वाळूत पीठ पुरतात आणि काढल्यावर फडक्याने झटकतात. दाताखाली थोडी कचकच येते. झ्रिग, म्हणजे साखर-पाणी घातलेलं दूध, एकाच भांड्यातून सगळ्यांत फिरतं. घोट घेऊन पुढे द्यायचं, संपवायचं नाही.

जाणाऱ्यांसाठी : यजमान कुटुंबाला पैसे हातात देऊ नयेत, निमंत्रण देणाऱ्या संस्थेने ठरवलेली रोजची रक्कम तिच्याकडेच भरावी. भेट म्हणून हिरवा चहा, साखर, बॅटऱ्या, लोकांनी आधी सांगितलेल्या नंबरांच्या चष्म्याच्या काचा. मुलांना रस्त्यात गोळ्या-पेन वाटू नयेत, पुढच्या पाहुण्याच्या मागे चाळीस मुलं लागतात. परतीचं विमान बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर असतं आणि ताफा संध्याकाळीच निघतो, त्यामुळे विमानतळावर पाच-सहा तास बसायची तयारी ठेवावी. खायला काही मिळेलच असं नाही.

तिथेच, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कुबारावींना हौझाहून निरोप आला. पेटीवाल्या बाईंच्या नातीने आवाज नोंदवून पाठवला होता. आजी म्हणतेय, विहिरीचं नाव बरोबर आहे, पण त्या नावाच्या दोन विहिरी आहेत. आमची ती, जिच्या पश्चिमेला एकच बाभूळ होती. कुबारावींनी पिशवीतून तिचं पान शोधलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: पश्चिमेला एक बाभूळ, १९७५.